शैला, ते निळे आकडे

शैला, तुझी खुर्ची मी हलवलेली नाही. खिडकीपाशीच आहे, पाठीवर तुझा तो विटका टॉवेल टाकलेला, आणि येता-जाता माझा गुडघा तिला धडकतो. परवा जोरात लागलं तेव्हा मी तिला चांगली शिवी हासडली. मग लक्षात आलं की ती शिवी खुर्चीला नव्हती, तुला होती. गेलेल्या माणसाला शिव्या देऊ नयेत म्हणतात. पण तू मला ओळखतेस. मला रडू यायच्या आधी राग येतो, आणि या खेपेला तो तेरा दिवस झाले तरी उतरायला तयार नाही.

लोक भेटायला येतात आणि तुझ्याबद्दल चांगलं बोलतात. कष्टाळू होती, हसतमुख होती. मी मान डोलावते. हसतमुख कसली, चांगली हट्टी होतीस. कॉलेजच्या फाटकासमोरच्या या एवढ्याशा गाळ्यात बसून आपण अठरा वर्षं लोकांचे प्रबंध छपाईसाठी लावले, आणि त्यातली निम्मी वर्षं तरी भांडत होतो. कशावरून, तर प्रबंधातल्या लिंका निळ्या असाव्यात की काळ्या. हे बाहेर कुणाला सांगायची सोय नव्हती. माझे मिस्टर एकदा म्हणाले, रंगावरून इतक्या भांडता, तर साडीच्या दुकानात काय करत असाल? साडीच्या दुकानात आपलं कधीच वाजलं नाही, हे त्यांना कुठं माहीत.

आज शनिवार. आज दुपारी काय झालं ते सांगायला बसलेय. पण मी सुरुवातीपासून सांगणार, आणि मधे बोलायचं नाही. तसंही आता तुला ते जमायचं नाही.

गिऱ्हाइकाला आपलं काम समजावून सांगायची तुझी एक पद्धत होती. कुणी म्हणालं, "ताई, टायपिंगच ना?" की तुझा पारा चढायचा. टायपिंग न्हाई, सैपाक, म्हणायचीस. आमी साध्या फाइलीत मजकूर लिवतो आन शेजारीच आज्ञा लिवतो, हे ठळक कर, ह्याला आकडा घाल, हितं लिंक दे. मग फाइल चढवायची चुलीवर, आन उतरतं ते पान. गिऱ्हाईक हसायचं आणि कामाला तयार व्हायचं. मला असं कधी जमलं नाही. मी नियम सांगत बसायचे आणि माणूस घड्याळाकडे बघायचा.

ज्या गणिताच्या सरांनी आपल्याला हे सगळं शिकवलं, त्यांचाच लेख आपलं पहिलं काम होतं. आठवतं ना? फाइल चढवली आणि पडद्यावर पानभर लाल-हिरवे चौकोन. प्रत्येक संदर्भाच्या आकड्याभोवती एक, प्रत्येक वेबपत्त्याभोवती एक. तू म्हणालीस, बाजारातल्या शेळ्यांवर रंगाच्या खुणा करतात तसं दिसतंय हे. ते चौकोन घालवायला आपण सकाळपासून संध्याकाळपर्यंत डोकं फोडलं, जेवलोसुद्धा नाही. शेवटी सरांची माफी मागायची तयारी करून तू तसंच छापलंस, आणि कागद स्वच्छ. एकसुद्धा चौकोन नाही. ते फक्त पडद्यावर दिसायचे, लिंक कुठं आहे ते कळावं म्हणून. कागदावर उमटायचेच नाहीत. तू हसत हसत खाली फरशीवर बसलीस आणि मी तुझ्यावर चिडले, कारण मला भूक लागली होती.

त्या दिवसापासून तू पडद्याची झालीस आणि मी कागदाची.

माझं म्हणणं साधं होतं. माझे वडील शाळेत कारकून, त्यांच्या हातचा कागद म्हणजे आरसा. प्रबंध शेवटी कपाटात कागदाचाच राहतो. निळ्या लिंका आपल्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर राखाडी उमटतात, धुऊन निघालेल्या शाईसारख्या. एका बाईंच्या प्रबंधात तसं झालं आणि त्यांच्या मार्गदर्शकांनी मला सगळ्यांसमोर सुनावलं, ते मी विसरले नव्हते. म्हणून माझा हुकूम, लिंका काळ्याच. मजकुरात मिसळून जाऊ देत, ज्याला गरज आहे तो शोधेल.

तू म्हणायचीस, शोधंल कसा? त्याला ठावं तर पाह्यजे.

मग एकदा आपण शनिशिंगणापूरला गेलो होतो, तुझ्या धाकटीचा नवस फेडायला. दर्शन झालं, आणि गावातून परत येताना तू रस्त्यातच थांबलीस. एका घराकडे बोट दाखवून म्हणालीस, "बघ बाईसाहेब, कवाड न्हाई. पन चौकट हाय का न्हाई? मानसाला कळाया पाह्यजे ना, हितून आत जायचं." मागून भाविकांचा लोंढा येत होता, प्रसादाच्या दुकानांवर गर्दी, उन्हानं डोकं तापलेलं, आणि तू मधोमध उभी राहून मला लिंकांचं शिकवत होतीस. मी म्हणाले, अगं देवाच्या दारी तरी गप्प बस. गाडीत बसल्यावरही मी कबूल केलं नाही की तुझा मुद्दा मला पटला होता. आज करते. पटला होता.

आणि आपला अबोला. त्याची मजा तर कुणालाच कळली नसती. भांडण फार झालं की आपण एकमेकींशी बोलायचं सोडायचो, पण काम तर एकाच फाइलीत, दोघींना घरून मोबाईलवरसुद्धा उघडता येणाऱ्या. टक्क्याची खूण टाकून पुढं काहीही लिहिलं तरी मशीन ती ओळ वाचत नाही, पानावर ती येत नाही, हे सरांनी शिकवलं होतं. ते स्वतःच्या टिपणांसाठी असतं. आपण ते भांडायला वापरलं. सकाळी मी फाइल उघडायचे तर तुझी ओळ वाट बघत असायची: समासाला हात लावू नये, हुकूम. मी खाली लिहायचे: समास तुझ्या माहेरचा नाही. दुपारपर्यंत पाच-सहा ओळी व्हायच्या, आणि मग कोणीतरी हसायचं. एकदा तू टक्क्याची खूण टाकायला विसरलीस आणि "बाईसाहेब नाक वर करून बसल्यात" हे वाक्य एका प्राध्यापकांच्या तिसऱ्या प्रकरणात थेट छापून गेलं. त्यांनी कच्च्या प्रतीत त्याखाली रेघ मारून समासात शांतपणे लिहिलं होतं, कोणत्या बाईसाहेब?

म्हणून तर आपण वाचनाचा नियम केला. काम बाहेर जायच्या आधी एकीनं कागद धरून पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायचं आणि दुसरीनं पडद्यावर बघायचं. लिंक आली की तिच्यावर टिचकी मारून ती खरंच उघडते का ते पाहायचं. वाचल्याशिवाय एकही प्रबंध आपण दारातून बाहेर सोडला नाही.

एक सोडून.

मनीषाचा प्रबंध. पाथर्डीकडची मनीषा, शाळेत शिकवते, दोन पोरं, सासूचं आजारपण, आणि त्यातून सात वर्षं तिनं ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची बोली गोळा केली. स्वतःची आई त्याच कामाला जायची, म्हणून त्यांच्या पाचटाच्या कोप्यांमधून तिला कुणी परकं मानलं नाही. दोनशेच्या वर वाक्यं तिनं त्यांच्याच तोंडून ध्वनिमुद्रित केली होती. तू त्या कामाच्या प्रेमातच पडलीस. देवळालीला तुमच्या उसात दरवर्षी टोळी उतरायची, त्यातल्या बायका असंच बोलायच्या, म्हणत तू दिवसभर कानाला हेडफोन लावून बसायचीस. आणि तूच मांडणी सुचवलीस. प्रत्येक वाक्यापुढं आकडा, आकडा निळा, त्याच्यावर टिचकी मारली की त्या बाईचा आवाज. प्रस्तावनेत मनीषाकडून एक वाक्यही लिहून घेतलंस: निळ्या आकड्यावर टिचकी मारल्यास मूळ आवाज ऐकता येईल.

प्रबंध द्यायचा दिवस आला आणि तू पहिल्यांदा दवाखान्यात दाखल झालीस. मनीषाची मुदत त्याच आठवड्यात संपत होती, वाढवून घेतलेली मुदत, पुन्हा मिळणार नव्हती. मी एकटीनं प्रती छापल्या. आकडे राखाडी आले. पान पान राखाडी. मला त्या मार्गदर्शकांचं बोलणं आठवलं, आणि तुझा रागही आला, की भांडायला समोर नाहीस. मग मी मुख्य फाइलीत शेवटी एक ओळ टाकली, सगळ्या लिंका लपव. रंगाच्या, आकाराच्या आज्ञा असलेल्या तुझ्या सजावटीच्या फाइलीला हातसुद्धा लावला नाही, वरून नुसतं झाकण घातलं. आकडे काळे झाले, टिचकी मारली तर उघडायचे तसेच. पान असं सुरेख दिसायला लागलं की मी स्वतःवर खूश झाले. त्याच फाइलीतून विद्यापीठाला पाठवायची प्रतही काढली.

खरं सांगते, शैला. नुसत्या कागदासाठी नाही केलं. तू नव्हतीस म्हणून केलं. अठरा वर्षांत एकदा तरी माझ्या मनासारखं होऊ दे, असं वाटलं.

वाचन केलंच नाही. कुणासमोर वाचणार होते? त्यामुळे प्रस्तावनेतलं ते वाक्य मला दिसलं नाही.

दीड महिन्यानं बाहेरच्या परीक्षकांचं पत्र आलं. प्रस्तावनेत निळ्या आकड्यांचा उल्लेख आहे, परंतु संपूर्ण प्रबंधात निळा आकडा एकही आढळला नाही, ध्वनिमुद्रणं सादर केलेली दिसत नाहीत, आणि त्यांच्याशिवाय विवेचनाला आधार उरत नाही. सुधारून पुन्हा सादर करावा. एवढ्या-एवढ्या तारखेपर्यंत, पाच वाजेपर्यंत. नाही केला तर नोंदणी रद्द. मनीषानं ते पत्र मला फोनवर वाचून दाखवलं, आणि तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला दोनदा विचारावं लागलं. मी म्हणाले, बघते काय झालंय. शैला, मला पहिल्या ओळीतच कळलं होतं काय झालंय.

तेव्हा तू तिसऱ्यांदा दवाखान्यात होतीस. मी रोज डबा घेऊन यायचे. मनीषाचं मी तुला काही बोलले नाही. तू फार थकली होतीस, हे एक कारण. दुसरं कारण, मी घाबरले होते. त्या दिवशी तू दोन घास भात खाल्लास, डबा बाजूला सारलास आणि सहज विचारल्यासारखं विचारलंस.

"मनीषाच्या लिंका दिसत्यात ना गं नीट?"

"हो," मी म्हणाले. "दिसतात की."

तू "बरं" म्हणालीस आणि भिंतीकडे तोंड केलंस. मी डब्याची झाकणं लावत राहिले. तेवढंच. त्यानंतर आठ दिवस मी येत होते, आपण पोरींच्या शाळेचं बोललो, तुला हवी होती त्या मेथीच्या भाजीचं बोललो, नर्सच्या बोलण्याची नक्कल करून हसलो. लिंकांचं नाव तू पुन्हा काढलं नाहीस. मला वाटलं, सुटले.

मग तू गेलीस.

दशक्रियेला प्रवरेच्या काठी सगळा गाव लोटला होता. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. अर्धा तास झाला. तुझे भाऊ, दीर, एकेक जण पुढं होऊन हात जोडून सांगायला लागले, पोरींना बघतो, शिकवतो, काळजी करू नको. तुझ्या मालकांनी तर काय काय कबूल केलं. लोक म्हणत होते, कशात तरी जीव अडकलाय. मी बायकांच्या मागं उभी होते. पुढं झाले नाही. नंतर कावळा शिवला एकदाचा. त्याला भूक लागली असेल, दुसरं काय, असं मी स्वतःला सांगितलं.

परतताना मनीषा माझ्याशेजारून चालत होती. ती एवढ्या लांबून आली होती. डोळे पुसत म्हणाली, "आजारपणात ताईंच्या हातून राहून गेलं असेल हो. माझा काही राग नाही त्यांच्यावर."

मी काय केलं? वाळूत पाय रुतत होते, तिकडे बघून चालत राहिले. तुझ्या हातून अठरा वर्षांत एक आकडा कधी चुकला नाही, आणि त्या बाईनं मला सांगितलं की तुझ्या हातून राहिलं, आणि मी गप्प बसले. प्रबंध काळा करणं एक वेळ तू माफ केलं असतंस. हे मी स्वतःला माफ करू शकत नव्हते.

आज ती मुदतीची तारीख. मनीषा अकराला आली, शाळेतून रजा घेऊन. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांनी वाहतूक तुंबलेली, ती फाट्यावरून चालत आली होती. तिनं तुझ्या खुर्चीकडे पाहिलं आणि बसली नाही, स्टूल ओढून घेतलं. मी ठरवलं होतं की ती येताच सांगायचं. चहा मागवला. चहा प्यायलो. सांगितलं नाही. म्हटलं, आधी काम करू.

काम म्हणजे काय, माझी ती एक ओळ काढायची. झाकण काढलं की खालचं तुझं निळं वर येणार. मी ओळ काढली, फाइल चढवली, आणि आकडे काळेच.

पुन्हा चढवली. काळेच. मनीषा मागून बघत होती, तिनं पदराचं टोक मुठीत धरलेलं मला काचेत दिसत होतं. साडेबारा झाले होते. पडदा मोठा करून बघितला तेव्हा कळलं, काळे नाहीत, निळे आहेत, पण फार गडद. तुझा तो भडक निळा नव्हेच. तो रंग कुणीतरी बदलला होता, आणि मी तर तुझ्या फाइलीला हात लावला नव्हता.

म्हणून मी तुझी सजावटीची फाइल उघडली. दोन-अडीच महिन्यांनंतर पहिल्यांदा. रंगाच्या आज्ञेच्या वर टक्क्याच्या खुणा होत्या.

% बाईसाहेब, तू आत्ताच डबा देऊन गेलीस. मी इचारलं लिंका दिसत्यात का, तू व्हय म्हनालीस.
% दिसत न्हाईत. मी सकाळीच मोबाईलवर उघडून पाह्यलं.
% कागद फिका आला आसंल म्हनून केलंस. मला ठावं हाय तुझं.
% ह्यो निळा बदललाय. लई गडद घेतलाय. पडद्यावर निळा दिसंल, कागदावर काळा. हितं छापून बघता येत न्हाई, तू बघ.
% तुझी ओळ मी काढली न्हाई. ती तुझी तू काढ.

मनीषा म्हणाली, काय झालं ताई, फाइल बिघडली का? तिला पडद्यावरची बारीक अक्षरं दिसत नव्हती. मी तिला सांगायला शब्द शोधत होते, आणि शैला, ते मिळेनात. म्हणून आपण जे अठरा वर्षं केलं तेच केलं. मोठ्यानं वाचलं. तुझ्या पाचही ओळी, तुझ्याच बोलीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग म्हणाले, ती ओळ मी टाकली होती मनीषा, शैलानं नाही. तिच्या हातून काही राहिलं नव्हतं.

मनीषा उठून दारात जाऊन उभी राहिली. पाठमोरी. बाहेर दुधाचा टेम्पो मागं घेत होते, त्याचा तो कर्कश आवाज चालला होता. मला वाटलं, आता ही निघून जाईल, आणि जायलाच हवं होतं तिनं. ती तिथूनच बोलली.

"पत्र आलं त्या दिवशी मी शैलाताईंनाही फोन केला होता. त्या म्हणाल्या, माझ्या हातून राह्यलं गं, ध्यान नव्हतं. मेधाला बोलू नको, तिला लई काम पडलंय."

म्हणजे तुला सगळं माहीत होतं. पत्र माहीत होतं, माझी ओळ माहीत होती, आणि चूक स्वतःच्या अंगावर घेऊन तू मला विचारलंस, दिसत्यात ना गं नीट? तू मला संधी देत होतीस आणि मी डब्याची झाकणं लावत होते. त्यानंतरचे आठ दिवस तू माझ्यासमोर मेथीची भाजी खात होतीस, हसत होतीस. मला तुझा इतका राग आला की मी टेबलावर मूठ आपटली. आणि मग जे रडू तेरा दिवस आलं नव्हतं ते आलं, मनीषासमोर, तोंडात पदर कोंबून. भांडायचं होतंस गं माझ्याशी. दवाखान्यातल्या त्या खाटेवर बसून मला चार शब्द सुनवायचे होतेस. मी ऐकून घेतलं असतं या वेळी.

मनीषा परत आली. स्टूल बाजूला सारलं आणि तुझ्या खुर्चीत बसली. तिनं कागदांचा गठ्ठा पुढं ओढला, चष्मा पुसला.

"वाचू का?" ती म्हणाली. "पाच वाजता विद्यापीठाची साइट बंद होते."

तिनं मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. तिनं तसं काही म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही. तिनं वाचायला सुरुवात केली. एक. मी टिचकी मारली. कोपीतल्या कुठल्याशा बाईचा आवाज दुकानात भरला, पहाटेच्या थंडीबद्दल काहीतरी सांगणारा. दोन. तीन. बत्तिसावी उघडेना, पत्त्यात एक आडवी रेघ कमी होती, तुझ्याही नजरेतून सुटली होती बघ, बरं वाटलं मला. सुधारली. साडेतीनला वीज गेली. इन्व्हर्टरचा लाल दिवा लागला होता आणि तो किती वेळ चालेल याचा भरवसा नव्हता. मनीषानं मोबाईलच्या उजेडात वाचणं थांबवलं नाही. चार वाजून दहा मिनिटांनी शेवटचा आकडा झाला. वीज आली तेव्हा मी एक पान छापून बघितलं, तू सांगितलं होतंस म्हणून. तुझा गडद निळा कागदावर काळाभोर उमटला. शेजारी पडद्यावर तोच आकडा निळा. अठरा वर्षांत आपल्याला हे सुचलं नाही, आणि तुला सुचलं ते खाटेवर पडून.

चार चाळीसला प्रत गेली. पोचपावती आली, ती छापून दिली. मनीषानं ती दोनदा वाचली, पिशवीत घातली, आणि निघताना तुझ्या खुर्चीच्या पाठीवर जरा हात ठेवला. गाडी मिळेल ना, मी विचारलं. मिळेल, म्हणाली. परीक्षक काय म्हणतील ते आता तिचं आणि तिच्या बायकांचं नशीब. आवाज मात्र त्यांना ऐकू येतील.

ती गेल्यावर मी दुकान बंद करणार होते. केलं नाही. तुझी फाइल अजून उघडी होती. तुझ्या पाच ओळींखाली जागा होती, आणि नियमाप्रमाणे आता माझी पाळी. आधी लिहिलं, निळं केलं. मग ते खोडलं, तू सांगितल्याप्रमाणे केलं हे तुला काय सांगायचं. तुझं खरं होतं, असं लिहिलं. तेही खोडलं. ते उत्तर नव्हतं. तू मला एकच गोष्ट विचारली होतीस आणि तिचं उत्तर मी चुकीचं दिलं होतं.

म्हणून टक्क्याची खूण टाकली आणि लिहिलं:

% नाही शैला. दिसत नव्हत्या.